सात प्रश्न

दुपारी गोडाऊनमध्ये खोकी मोजत होतो
तेव्हा फोन आला. मुलगी म्हणाली,
नौपाड्याच्या क्लिनिकमधून बोलतेय,
टिपणीस बाईंच्या जुन्या पेशंटांची पाहणी चालू आहे,
तुम्हाला नऊ वर्षं झाली. पाच मिनिटं आहेत?
म्हटलं, आहेत. रबाळ्यात लाइट गेलीय,
पंचिंग मशीन तसंही बंद.

गेल्या दोन आठवड्यांत
किती दिवस धास्ती वाटली?
एकही नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त, की रोज?

तेव्हा ह्याच प्रश्नाला मी विचारलं होतं,
रोजच्या पुढचा रकाना नाही का?

ऐरोलीचा पूल, बरोबर मधोमध,
टेम्पोत मुलुंडची दोनशे खोकी,
आणि छातीत कुणीतरी खाडकन शटर ओढलं.
ईसीजी सरळ आला.
डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखं हृदय आहे.
घोडाच तर बिथरला होता.

पुढे सात महिने कळव्यावरून वळसा.
डिझेलचा हिशेब हेमांगीनं ठेवला,
बोलली काही नाही.
आई बोलायची: मन चिंती ते वैरी न चिंती.
बाईंनी ती म्हणसुद्धा वहीत उतरवून घेतली
आणि विचारलं, किती टक्के खरी?

वही दोनशे पानी, वाण्याच्या उधारीसारखी आखलेली.
डावीकडे: पुलावर मी मरणार. नव्वद टक्के.
उजवीकडे: आजवर किती वेळा मेलात?
शून्य लिहिलं. खोडलं.
परत शून्यच लिहावं लागलं.

मग पायऱ्या.
कठड्याशी नुसतं उभं राहायचं, वीस मिनिटं,
खाली ओहोटीचा चिखल, त्याचा वास.
मग तिसऱ्या दिव्यापर्यंत चालत.
मग भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून, डोळे उघडे ठेवून.
मग टेम्पो, शेजारी पाण्याची बाटली, खिशात गोळी.
मग बाटली घरी.
त्या दिवशी बाईंशी भांडलो,
एका बाटलीनं कुणाचं काय बिघडतं?
त्या म्हणाल्या, बाटलीला वाटतं
तिनंच तुम्हाला वाचवलं.

हॅलो, आहात ना?
आहे. लिहा, काही दिवस.

हेमांगीच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता
तेव्हा शटर परत पडलं.
आठवडाभर गुपचूप कळव्यावरून गेलो.
हे तुमच्या सात प्रश्नांत बसत नाही, तरी सांगतो.
आठव्या दिवशी पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली,
डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर रेघा मारल्या.
बाईंचा नंबर शोधला नाही.
नव्वद. मग साठ. मग तीस.
तीसवर येऊन थांबतं ते.
शून्य कधीच झालं नाही माझं, पण
तीस टक्क्यांवर टेम्पो चालतो.

म्हणजे बरे झालात, असं लिहू?
मी म्हटलं, तुमच्याकडे कुठले कुठले रकाने आहेत?
तिनं वाचून दाखवले. त्यातला एकही माझा नव्हता,
वहीत निदान समासात लिहायला जागा होती.
म्हटलं, लिहा काहीतरी. पूल रोज ओलांडतो, हे मात्र लिहा.

शेवटी हळूच म्हणाली, फॉर्ममधलं नाही हे,
मलाच विचारायचंय.
पुलावर आता मनात काय येतं?

शिव्या, म्हटलं. पुढच्या कंटेनरवाल्याला.

ती हसली, आणि हसू जरा लवकर थांबलं.
विचारणार होतो, तुझा कुठला पूल?
तेवढ्यात लाइट आली, मशीन धडधडायला लागलं,
फोन कधी कटला कळलं नाही.

खोकी कितीपर्यंत मोजली होती
तेही विसरलो.
परत एकपासून.