आटणी

विट्यात, जुन्या स्टँडमागं, माझं आटणीचं दुकान.
सत्तावीस वर्षं सिलिगुडीला मुशीपुढं बसलो,
निम्मी फुप्फुसं तिथंच ठेवून परत आलो.

परवा बेळगावच्या मोडवाल्याच्या गाठोड्यात
चमचे, पिचकी अत्तरदाणी, एकच तोडा,
आणि तळहाताएवढा चांदीचा बिल्ला.
नाणं नव्हे. याच्यानं मीठसुद्धा आलं नसतं.
पुढं राजा, खांद्यावर कुरळ्या केसांचा ढीग
(हिरेमठ सर म्हणाले, टोप आहे तो,
खाली डोकं भादरलेलं).
मागं तोच राजा घोड्यावर,
आणि घोड्याखालनं नदी पळतेय.
त्यांच्यात नदी म्हणजे दाढीवाला म्हातारा!
हातातला घडा टाकून निघालाय बिचारा.
वरून पंखवाली एक बाई हार घेऊन उतरते,
घाईत,
जणू मिरवणूक पुढं निघून जाईल.

सरांनी भिंग कडेवरनं फिरवलं.
"हा नदीत उतरला नसणार रे.
असले राजे टेकाडावर खुर्ची टाकून बघायचे."
मग हे?
"हे नंतर. दरबारात चार पंडित बसायचे,
कडेला कुठली ओळ घालायची म्हणून भांडायचे,
घोड्यानं कुठला पाय उचलायचा, तेही ठरवायचे.
किल्ला पुढच्या तहात परत जायचा.
बिल्ला कसा परत मागवणार?
तो परदेशी वकिलांना वाटलेला,
नव्या पुलाच्या पायात पुरलेला."

मी बिल्ला उलटा केला, सुलटा केला.
नाक झिजलं होतं. सगळ्यात उंच तेच,
म्हणून सगळ्यांची बोटं आधी तिथंच.

सरांनी पेन्शनीतनं वजनाचे पैसे मोजले.
मी घट धरली नाही.

दुपारी सुगलाबाई चौगुले आल्या, पदराच्या गाठीत
चेअरमनसाहेबांच्या एकसष्टीचं नाणं.
साऱ्या सभासदांना वाटलेलं, मखमली डबीतनं.
पुढं फेटा. मागं कारखाना, उगवता सूर्य,
आणि धुराड्यातनं असा धूर
की कोरणाऱ्याचा हात दुखला असेल.
त्या साली धुराडं पेटलं नव्हतं.

कडेला कोरलेलं, दहा ग्रॅम.
काट्यावर नऊ ग्रॅम सहाशे.
"बघा बया," त्या म्हणाल्या, "थितंबी!"
मग जरा वाकून, हळू,
"तोंड नीट इतळंल न्हवं?
नातीच्या पैंजणात यायला नको."

टाकणखाराची चिमूट, निळी ज्योत.
फेटा बराच वेळ तग धरून राहिला,
मग एकदम, कुणी हाक मारल्यासारखा,
सगळा गेला.

चांदी थंड होताना थुंकते.
तापताना गिळलेली हवा
गोठता गोठता बाहेर टाकते. मी सांगायला विसरलो.
एक थेंब उडाला बाईंच्या चपलेवर.
त्या मागं सरल्या, खाली बघितलं,
आणि इतक्या हसल्या
की शेजारचा झेरॉक्सवाला उठून दारात आला.