गोडं पाणी

सोहारला राखेचा बुधवार
रात्रपाळीच्या आधी गाठावा लागतो.
फादर मलबारी, अंगठ्याचा ठसा जड.
राख गेल्या वर्षीच्या खजुरीच्या झावळ्यांची.
गेटवर बशीर म्हणाला, कपाळाला ग्रीस लागलंय.
मी म्हटलं, असू दे.

मटण सोडण्यात काही राम नाही,
मेसमध्ये ते तसंही शुक्रवारीच.
यंदा मी एक वाक्य सोडलं,
फोनवर रोज म्हणायचो ते:
इकडे सगळं बरं आहे.

तिसऱ्या दिवशी कार्मेलीनने विचारलं,
मग काय आहे?
ते शोधायला
मला दुसरा आठवडा उजाडला.

काम माझं असं:
समुद्र आत घ्यायचा,
दाबाने पडद्यांतून ढकलायचा,
वहीत आकडा लिहायचा.
पहाटे तीनला नमुन्याचा एक घोट घेतो,
नियमात बसत नाही.
चव नसते. चव नसली की काम बरोबर.
आणि मीठ?
ते जाड पाइपातून परत समुद्रात जातं,
तिकडे आम्ही बघत नाही.

एका रात्री तिकडे बघितलं
आणि मागच्या जूनमधला कागद आठवला.
मोतेस, थोरला भाऊ: सगळ्यांच्या सह्या झाल्या,
तुझीच राहिलीय.
कॅन्टीनच्या फ्रिजवर कागद धरून
मी उभ्या उभ्या सही केली,
फोटो काढला, पाठवला,
चहा निवायच्या आत.
आळीचं बावखल तेरा डंपरांत बुजलं.

इथे कुमसार इंग्रजीत.
म्हटलं, फादर, मी एक पाँड विकला.
जाळीपलीकडून प्रश्न आला, केवढा?
मी हात पसरले, अंधारात.
सहा विहिरींना पुरेल एवढा,
आईने मला पोहायला ढकललं होतं एवढा.
या वाक्याचं इंग्रजी
मला आलं नाही.
फादर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, घरी सांगितलंस?

शुक्रवारी सांगितलं.
कार्मेलीन म्हणाली, ठाऊक आहे,
मोतेसने तुझी सही सगळ्यांना दाखवली होती.
विहीर मचूळ झालीय दिवाळीपासून,
प्यायचं पाणी टँकरचं.
मीपण रोज म्हणायचेच ना, सगळं बरं आहे.

मग दोघंही काही बोललो नाही.
फोन चालू.
तिकडे कोणीतरी बादली ठेवली,
रिकामीच वाजली.
इकडे बशीर हाक मारत होता,
चार नंबरचा पंप गरम झाला होता.