पांढरा आधी संपला

मस्कत सोडलं तेव्हा गाडीचा काटा सत्तेचाळीसवर.
पुढं हजार किलोमीटर वाळू,
मागच्या सीटवर दोघांची लाथाळी.
चकल्या संपल्या, भेंड्या संपल्या,
थुमरैतच्या पंपावर माझा आवाजही संपला.
मग घाटाच्या तोंडाशी
कुणी काचेवर ओलं फडकं टाकावं
तसं धुकं आलं.
काटा पंचवीस.
श्रीरंगनं एसी बंद केला.
बारा वर्षांच्या संसारात
हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सलाला. तिसरा मजला. खिडकीत नारळ,
नारळांवर आभाळ, इतकं खाली
की हात लावला तर ओला होईल.
श्रीरंग बंदरावर, बारा बारा तास.
बाहेर पावसाची पिरपिर,
आत पोरांची.
सोफ्यावरून पलंगावर, पलंगावरून माझ्या अंगावर,
बॉल लपवला तर मोज्यांचा बॉल,
मोजे लपवले तर
भाऊ हाच बॉल.

आठव्या दिवशी खालून छत वाजलं. काठी.
मी गार.
शर्वरीनं टाचेनं उत्तर दिलं, दोन ठोके.
खालून दोन.
ओजसनं तीन.
खालून, थोडं थांबून, तीन.

संध्याकाळी ती स्वतःच वर आली, उम्म मुसल्लम,
धापा टाकत, जिन्याला शिव्या देत (असाव्यात).
मी माफीचे तीन अरबी शब्द जुळवून ठेवले होते.
तिनं ते ऐकलेही नाहीत.
खुर्चीवर, दारावर, टीव्हीवर, पंख्याच्या पात्यांवर
सहा दिवसांचे ओले कपडे बघत राहिली.
खाली गेली, निखारे घेऊन आली,
वर लाकडी तिकाटणं, त्यावर शाळेचे शर्ट,
आणि निखाऱ्यांवर खड्यांसारखा लोबान.
शर्ट धुरात फुगले,
जणू आत कुणी मूल आहे.
मग पोरांकडे बोट दाखवून म्हणाली, बर्रा, बर्रा.
मला वाटलं, बरं म्हणतेय.
बर्रा म्हणजे बाहेर, हे नंतर कळलं.
दोन्ही चाललं असतं.

बाहेर अतीनच्या माळावर
अख्खी कुटुंबं पावसात चटया टाकून बसलेली.
थर्मास, खजूर, शेगडीवर मांस,
एक छत्री नाही.
भिजू नये म्हणून पळायचं असतं
हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.
पोरं उतारावर सुटली ती
एका उंटिणीपाशीच थांबली.
ती गवत चघळत होती आणि
यांच्याकडे बघत होती
माझ्याच नजरेनं.

जतहून आबांचा फोन आला.
म्हटलं, इथं या दिवसांना खरीफ म्हणतात.
म्हणाले, बरं मग, पेरलंय काय?
दोन पोरं, गुडघाभर चिखलात.
पलीकडं जरा शांतता.
उगवण कशी आहे?
म्हटलं, बरी आहे.

शाळा सुरू झाली. वर्गात यांचा वास
मशिदीसारखा येतो, असं एक मुलगा म्हणाला,
देवळासारखा, असं दुसरा.
यावरून मधल्या सुट्टीत थोडी मारामारी.
शर्वरीच्या रंगपेटीत
पिवळा खडू टोकासकट नवाकोरा
आणि पांढरा संपलेला.
आधी डोंगर काढते, घर काढते,
उंटीण, उम्म मुसल्लम, तिची काठी,
मग सगळ्यावरून पांढरा घासते,
घासते,
कागद फाटेपर्यंत.
मस्कतला कोपऱ्यात सूर्य असायचा, दात दाखवणारा.
विचारलं, तो कुठं गेला?
तिकडंच राहिला, म्हणाली. त्याची बदली नाही झाली.

सप्टेंबर सरताना एका सकाळी
फरशीवर एक पिवळा चौकोन पडला.
दोघं उठून आले, त्याच्या कडेशी थांबले.
ओजसनं आधी एक बोट आत घातलं.
कुणी पाय ठेवला नाही, कुणी उडी मारली नाही,
मीही हातात चहाची गाळणी धरून तशीच.
घर इतकं गप्प, इतका वेळ गप्प,
की खालून काठी वाजली.
दोन ठोके.
थोडं थांबून, तीन.