शेऱ्याचा रकाना

धनकवडीच्या चढावर रिक्षा दमली,
शेवटचं वळण मी चालत गेले.
फाटकावर फ्लेक्स, माझ्या दुप्पट उंच:
ॲडव्हान्स्ड सायन्स. इंटिग्रेटेड बॅच. प्रवेश मर्यादित.
खाली हसणारी सात मुलं
आणि त्यांच्या पर्सेंटाइलचे दशांश
सोन्याच्या भावासारखे, चार घरांपर्यंत.

मी बहिःस्थ परीक्षक.
बारावी, रसायनशास्त्र, प्रात्यक्षिक.
पिशवीत बोर्डाचं पत्र, पोळीभाजीचा डबा
आणि माझा ॲप्रन, ज्याच्या खिशाला
परमँगनेटचा एकोणीस वर्षांचा डाग आहे.

प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर.
किल्ली सापडेपर्यंत एक चहा झाला,
सापडल्यावर दुसरा.
दार उघडलं तर वास आला
नव्या सनमायकाचा. नुसता सनमायकाचा.
अमोनियाने नाकात मारलेली चापट नाही,
स्पिरिटच्या दिव्याची काजळी नाही,
कुणाच्या हातून काहीच कधी सांडलेलं नाही.
ब्युरेटी थर्माकोलात निजलेल्या,
एकीवर अजून किमतीची चिठ्ठी.
मी नळ सोडला. नळ खोकला आणि गप्प झाला.
"लाइनच जोडलेली नाही, मॅडम,"
शिपाई मालुसकर म्हणाले,
आणि ओशाळून स्वच्छ खिडकी पुसू लागले.

जर्नलं मात्र चोख. एकशे अठरा.
रीडिंग सगळ्यांचं नऊ पूर्णांक आठ.
एकाचा दशांश चुकून गळला, अठ्ठ्याण्णव झाले
(पन्नासच्या ब्युरेटमध्ये!)
तर मागच्या चाळीस जणांनी
तेही इमानाने उतरवलेले.
प्रत्येक पानावर लाल बरोबर,
प्रत्येक बरोबरखाली सही.

ईश्वरी भिलारे. पहिल्या गटातली सहावी.
तिने तोटी अशी धरली
जशी अनोळखी माणसाची करंगळी धरावी.
परमँगनेटच्या बाटलीचं सील मी तोडलं,
पाणी माझ्या बाटलीतलं.
थेंब पडत राहिले, विरत राहिले,
आणि मग एक विरला नाही.
चंबूभर फिकट गुलाबी.
"मॅडम, हा खरंच असतो?
आमच्या नोट्सच्या झेरॉक्समध्ये करडा आहे."
मग हळूच, टेबलाकडे बघत:
"पप्पांनी दोन वर्षांचे एक लाख साठ हजार भरलेत."
हे ती मला सांगत नव्हती.
हिशोब जुळतो का, पाहत होती.

उपप्राचार्य सुपेकरांनी गुणपत्रक पुढे केलं.
पेन्सिलीने आधीच भरलेलं.
अठ्ठावीस, एकोणतीस, एकोणतीस, तीस.
"तुम्ही फक्त गिरवायचं."
आणि साखर विचारावी तशा आवाजात:
"उद्या आमचेच सर येतायत ना
तुमच्याकडे, हडपसरला?"

आमच्याकडे पाणी आहे. मी मनात म्हटलं.
मग मनच म्हणालं, आणि तराजू?
चौदातले नऊ कधीपासून बंद आहेत?
डिसेंबरातल्या सहा प्रात्यक्षिकांची हजेरी
तू कुठे बसून भरलीस, सुजाताबाई?
घरी. भाजी निवडून झाल्यावर.
एकशे चार नावं, वीस मिनिटांत.

शेऱ्याचा रकाना दीड इंच रुंद असतो.
एवढ्या वर्षांत मी त्यात
"समाधानकारक" याशिवाय काही लिहिलेलं नाही.
तो शब्द मावतो तिथे बरोबर,
शिंप्याने माप घेऊन बेतल्यासारखा.

मी बाहेर आले.
ईश्वरी जिन्यात बसून पोहे खात होती.
तिच्याकडे खोडरबर मागितलं.
तिने दिलं, एका कोपऱ्यातून चावलेलं.
का, ते विचारलं नाही.

एकशे अठरा आकडे खोडायला बराच वेळ लागतो.
सुपेकर आधी हसत उभे होते,
मग नुसते उभे.
शेऱ्यात लिहिलं: पाणी नाही. ब्युरेट आज प्रथम वापरले.
अक्षर रकान्याबाहेर गेलं, जाऊ दिलं.

मग आमच्या लॅबला फोन लावला.
उद्या सर येतील, सगळी कपाटं उघडी ठेवा.
पलीकडून मोमीनभाई म्हणाले,
"सगळी? कुठलं कुठलं, मॅडम?"
म्हटलं, ज्याची किल्ली सापडत नाही
तिथून सुरुवात करा.