कारणाचा रकाना

दुपारचे साडेबारा. मनामात एप्रिल संपत आलाय
आणि बाहेर गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही.
महोत्सवाच्या पत्रकात छापलंय,
जेवणाच्या सुट्टीत पियानो, प्रवेश मोफत.
म्हणून बँकेतल्या बायका आल्यात, गळ्यात ओळखपत्रं,
शाळेची एक रांग आलीय निळ्या मोज्यांची,
पुढे एक म्हातारे बहरीनी गृहस्थ, बोटांत तसबीह,
आणि शेवटच्या खुर्चीवर कुणाचा तरी ड्रायव्हर.
तो थंडाव्यासाठी आलाय. झोपलाही.

मीही थंडाव्यासाठीच आहे इथे.
म्हणजे थंडावा माझ्या हातात आहे.
तापमान बावीस, दमटपणा पंचेचाळीस,
सहा वर्षं हे दोन आकडे राखतोय
दुसरी माणसं गुरं राखतात तसे.

पियानोवाली जॉर्जियाची, केतेवान नाव.
लहान चणीची. स्टूल तीनदा वर-खाली केलं.
पहिला तुकडा वाजवला, धावता,
जिन्यावरून सांडलेल्या सुपाऱ्यांसारखा,
आणि हात मांडीवर ठेवून बसली.
बसूनच राहिली.
वर बघितलं. छताकडे. जाळीकडे.
एका अर्थी माझ्याकडेच.

मारिसेल पडद्यामागून पळत आली :
ती विचारते, हे घोंघावणं बंद होईल का?
पुढचं फार सावकाश आहे म्हणते.

घोंघावणं!
मी म्हटलं, नियमात बसत नाही.
लाकूड फुगेल, तारा उतरतील,
आणि साहेब माझी चामडी काढतील.
मारिसेल म्हणाली, दिलावर, नऊच मिनिटं.

बटण दाबलं.
आधी कॉम्प्रेसर थांबला, मग पंखे,
मग डक्टमधली हवा, तिला थांबायला वेळ लागतो
उलट्या केलेल्या सायकलीच्या चाकासारखा,
आणि मग
हा हॉल मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

कुणाची बांगडी. तसबीहचा एक मणी.
ड्रायव्हर दचकून जागा झाला.

तिनं एक सूर वाजवला. एकटा.
तो पुरता विझेपर्यंत दुसऱ्याला हात लावला नाही.

मिरजेत अब्बा असेच जवारी काढायचे.
तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायची, केसभर,
तार छेडायची, कान द्यायचा,
पुन्हा केसभर.
शेजारी बसून मी जोरात श्वास घेतला तरी डोळे वटारायचे.
दोन वर्षं बसलो. मग आयटीआय, रेफ्रिजरेशन.
अब्बा म्हणाले, बरं झालं. पंख्याला कान लागत नाही.

लागतो, अब्बा.
बेअरिंग जायच्या आठवडाभर आधी मला कळतं.
हे फोनवर सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं.

तेवीस. चोवीस. दमटपणा बावन्न.
एका पोरीनं पत्रकानं वारा घ्यायला सुरुवात केली,
बाईंनी ते हळूच काढून घेतलं.
केतेवानच्या हनुवटीवरून घाम पट्ट्यांवर पडला,
तिनं पुसला नाही.
नऊची अकरा झाली.
शेवटचा सूर तिनं पायाखाली धरून ठेवला
आणि माझं बोट बटणावर.
तिचा पाय उचलेपर्यंत
मी दाबलं नाही.

पंखे आधी, हळू. घोंघावणं परत आलं.
तिनं मान तिरकी करून ऐकलं
आणि डाव्या हाताच्या एका बोटानं
खालची एक पट्टी दाबली. दाबून धरली.
माझ्या पंख्यांचा सूर!
सगळे हसले, म्हातारेसुद्धा.
मी हसलो नाही. मला फरक ऐकू आला होता.

दोन वाजता डबा उघडला, मेथी गार,
चपाती कडेनं कडक.
वही पुढ्यात ओढली.
बारा चोपन्न बंद, एक पाच चालू.
कारण :
कारणाचा रकाना दोन बोटं रुंद आहे.
लिहिलं, ब्लोअरचा पट्टा सैल.

मग पाना घेऊन गच्चीवर गेलो.
पत्रा तापला होता, गुडघा टेकवेना.
पट्टा ताणला,
बोटानं छेडला,
कान दिला.
पुन्हा, केसभर.