फाटकाला कडी लावू नकोस

नाझिब्रोला,
किल्ली नेहमीच्या जागी, पालथ्या मडक्याखाली.

बुर्ती म्हणजे चेंडू. आणला तेव्हा होताच तसा,
माझ्या एप्रनच्या खिशात मावायचा.
आता साठ किलो भरतो
आणि अजून खिसा शोधतो.

बाप तुशेतीच्या कळपांमागचा,
लांडग्यांना नावानिशी माहीत असलेला.
आई तेलावीच्या पेट्रोल पंपामागची,
कुणालाच माहीत नसलेली.
छाती बापाची आली, डोळे तिचे.
म्हणून परका माणूस दिसला की भिंतीसारखा उभा राहतो
आणि झाडू उचलला की पलंगाखाली शिरतो.
म्हणजे डोकं शिरतं. बाकीचा बाहेरच असतो.
तेव्हा हसू नकोस. त्याला कळतं.

खाणं दोनदा, थोडं थोडं.
जेवल्यावर तासभर पळू देऊ नकोस,
एवढ्या खोल छातीचं पोट आतल्या आत पीळ खातं.
बाद्री डॉक्टर म्हणतो, रात्रीत आटोपतं सगळं.
आणि द्राक्षं नाहीत. एकही नाही.
ठाऊक आहे, ऐन तोडणीचे दिवस,
गावभर टोपल्या, पोरांचे हात चिकट,
आणि तो असा बघेल
की चार दिवसांत कुणी विचारलेलंच नाही त्याला.
तरी नाही.

गोळी सुलगुनीत लपवलीस
तर चीज जाईल, गोळी फरशीवर परत येईल
धुतल्यासारखी.
ती पुढ्यात ठेव आणि दुसरीकडे बघ.
चोरलेलं तो न चावता गिळतो.

मागचे पाय सकाळी ऐकत नाहीत.
निळा टॉवेल पोटाखालून घे, दोन्ही टोकं धर,
पायऱ्या तीनच आहेत.
ओढू नकोस. नुसती बरोबर चाल,
त्याला वाटू दे, आपणच चढलो.
माघात मी विहिरीपाशी बर्फावर पडले
तेव्हा त्यानं मला असंच घरी आणलं,
मानेचे केस माझ्या मुठीत देऊन.
कुणाला बोलला नाही.

हो, आणि ते राखाडी मोजे,
नवीन वर्षाला दिलेले,
अशी लोकर हल्ली मिळत नाही म्हणालीस ना,
ती मेंढी नव्हे गं.
वसंतात हा पोतंभर झडतो.
रागावू नकोस. पाय गरम राहिले की नाही?

तिबिलिसीत मला आठवडा सांगितलाय.
सांगताना डॉक्टरचा हात कागदावर होता
आणि डोळे खिडकीबाहेर.

संध्याकाळची मार्शुत्का वाजली की बुर्ती फाटकात जाईल.
जाऊ दे.
उतरणारा एकेक जण हुंगून सोडेल,
शेवटी गुराम गाडीचं दार ओढून घेईल
तेव्हा आपणहून परत येईल.
फक्त ‘येतेय हं ती’ असं म्हणू नकोस.
तू बोललीस की सुटलीस.
तो शब्द धरून बसेल तिथेच,
आणि हल्ली रात्री दव पडतं,
त्याचे सांधे धरतात.

कंगवा खिडकीत आहे.
दात तुटलेला. तोच त्याला चालतो.