घट

सहावी ब, हुपरी. पट बेचाळीस,
हजर सदतीस, जागे त्याहून कमी.
फळ्यावर दोन संख्या लिहिल्या,
०.५ आणि ०.२५,
आणि विचारलं, मोठी कुठली?

"पंचवीस, बाई!"
सगळा वर्ग एका सुरात.
पाचापेक्षा पंचवीस मोठे,
हे त्यांना पहिलीत कुणीतरी पक्कं शिकवलंय.
बहुतेक मीच.

गेल्या आठवड्यात कागदाच्या पट्ट्या झाल्या,
दहा घड्या, शंभर घरं, रंगीत खडू.
शनिवारपर्यंत पट्ट्यांच्या होड्या झाल्या,
एक तर घरी गेल्यावर माझ्याच पर्समधून निघाली.
प्रशिक्षणात म्हणाले होते, गट करा,
प्रत्येक गटात एक हुशार मूल घाला.
घातलं. तेजपालनं पाचही जणांचं गणित एकट्यानं सोडवलं,
बाकीच्या चौघांनी त्याला
पट्टी धरून समास आखून दिला.

अजून एक म्हणाले होते,
प्रश्न विचारला की तोंड मिटून
मनात पाच आकडे मोजायचे.
एकोणीस वर्षं नोकरी झाली,
दोनच्या पुढं मी कधी गेले नव्हते.
भाग संपवायचा, माहिती ऑनलाइन भरायची, खिचडीची चव बघायची,
आणि वर्ग गप्प झाला
की ती मला माझीच चूक वाटायची.

आज मोजले.
एक. पंखा करकरतो.
दोन. शेजारी घुणके सर कुणावर तरी ओरडले.
तीन. तेजपालचा हात वर. मी बघितला नाही.
चार.
शेवटच्या बाकावर अफसाना मुजावर,
जी रोज दुसऱ्या तासाला डोकं टेकते
आणि मी उठवते, हाक मारून,
सोमवारी तर खडू मारून,
ती डोकं न उचलताच म्हणाली,
"ग्रॅम हाईत व्हय ते, बाई?"

समज, हाईत.

"मग पाच मोठं. त्यो अर्धा हाय.
पंचवीस म्हंजे पाव."
आणि वर्ग हसायच्या आत,
"पाव ग्रॅम घट चालती शेठला.
अर्धा गेला की मजुरी कापत्यात."

कुणी हसलं नाही.
निम्म्या घरांत पैंजणाच्या कड्या जोडतात,
निम्म्या घरांत रात्री काट्यावरचे तांबडे आकडे
आईच्या कपाळाला आठी घालतात.
मग एकच गलका, बाई आमच्यात, बाई माझा काका,
आणि तो गलका मी पहिल्यांदाच
डस्टर न आपटता ऐकला.
पट्ट्या पुसल्या. फळ्यावर काटा काढला.
अफसानाची वही मागवली:
तीन पानांवर माझ्याच लाल शाईत "लक्ष द्यावे",
आणि समासात तिचे बारीक आकडे,
शंभर पैंजणांचे, बिनचूक, दशांश चिन्हासकट.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं.
पण बुधवारी मी ग्रॅमच्या जागी लिटर लिहिले
आणि अर्धा वर्ग परत पंचवीसवर गेला.
संमेदचे वडील उसाच्या ट्रॅक्टरवर,
तो म्हणाला, "बाई, आमच्यात सगळं टनात असतंय."
त्याचंही खरंच.
गुरुवारी अफसाना आली नाही,
सणाची ऑर्डर होती म्हणे.
घुणके सर म्हणाले, या पोरींचं असंच.
मी काही बोलले नाही. पाचपर्यंत मोजलं,
आणि तरीही बोलले नाही.

इथल्या कारखान्यात केर कुणी फेकत नाही,
त्यात चांदी असते, तो तोलून विकतात.
शाळा सुटल्यावर संमेद केरसुणी घेऊन उभा,
"केर टाकू का, बाई?"
पेन्सिलीची सालं, एक चुरगळलेली होडी,
शेवटच्या बाकाखाली
सोमवारचा खडू.

थांब, म्हटलं,
आणि खाली वाकले.